पायाखालचा आवाज

इलेक्ट्रिक गिटार घरात येऊन चार-सहा महिने झाले, की वाजवणाऱ्याला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा येऊ लागतो. बोटं बऱ्यापैकी बसलेली असतात, दोन-तीन गाण्यांचे रिफ हाताला लागलेले असतात, पण रेकॉर्डवर जो आवाज अंगावर येतो तो घरच्या अँपमधून काही केल्या निघत नाही. मग यूट्यूबवर शोधाशोध सुरू होते. आवडत्या गिटारवादकाच्या पायापाशी मांडलेल्या पंधरा-वीस रंगीत डब्या दिसतात. त्यातली नारंगी कोणती, हिरवी कोणती, हे पाठ होतं आणि पुढच्या वाढदिवसाला काय मागायचं तेही ठरून जातं.

मागायला हरकत नाही. पण डबी घरी आल्यावर बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, आणि दोष पेडलचाही नसतो आणि बोटांचाही नसतो. नावाजलेली बरीचशी पेडलं मोठ्या आवाजात तापलेल्या व्हॉल्व्हच्या अँपसमोर ठेवण्यासाठी बनली. नवशिक्याच्या घरी असतो दहा-पंधरा वॉटचा ट्रान्झिस्टरचा सरावी अँप, तोही शेजाऱ्यांच्या धाकानं दोनच्या पुढे न जाणारा. म्हणजे पेडल स्टेजवरचं, अँप बेडरूममधला. पेडल निवडताना पहिला प्रश्न ‘अमका कोणतं वापरतो’ हा नसून ‘आपण ते कशात जोडणार’ हा आहे.

आधी ही डबी करते काय ते पाहू. गिटारची तार कंप पावते, तिच्याखालचं पिकअप त्या कंपनाचं अगदी क्षीण विजेत रूपांतर करतं आणि वायरीतून ते अँपकडे जातं. पेडल या वाटेत मध्ये बसतं. बहुतेक पेडलांना उजव्या हाताला गिटारची वायर लागते आणि डाव्या हाताच्या जॅकमधून अँपची वायर निघते. दोन्ही हात गिटारवर गुंतलेले असल्यामुळे चालू-बंद करायचं बटण पायाखाली असतं. वर दोन-तीन नॉब आणि चालू असल्याचं सांगणारा लहानसा दिवा असतो. आत जे सर्किट असतं ते कधी त्या विजेचा आकार बिघडवतं, कधी तिची नक्कल करून उशिरा सोडतं, तर कधी तिच्यातला वरचा-खालचा सूर गाळतं.

‘बिघडवतं’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा, कारण या सगळ्या व्यवसायाची सुरुवातच एका बिघाडानं झाली. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या कंट्री गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होते आणि ज्या मिक्सरमधून त्यांचा आवाज जात होता त्याची एक वाहिनी बिघडलेली होती. बासचा आवाज फाटून, खरखरून निघाला. तो तुकडा काढून न टाकता तसाच ठेवला गेला, गाणं १९६१ मध्ये बाजारात आलं आणि गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणता येईल असं सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीनं ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावानं विकायला काढलं. गंमत म्हणजे हे यंत्र लावलं की गिटारमधून ट्रंपेट किंवा चेलोसारखे आवाज निघतील, अशी त्याची जाहिरात होती. दुकानदारांनी माल भरला, गिऱ्हाईक फिरकलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सनं ते वापरलं. त्याच्या मनात त्या जागी पुढे ब्रासची वाद्यं घालायची होती, फझ ही नुसती जागा धरून ठेवण्यापुरती होती. ब्रास कधी आलंच नाही. गाणं जगभर वाजलं आणि पडून राहिलेल्या डब्या दुकानांतून संपल्या.

स्पीकर फाडून हाच आवाज काढणारेही होते. किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ च्या ‘यू रिअली गॉट मी’साठी एका लहान अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं कापला होता. त्यापेक्षा डबी घेणं स्वस्तच.

आवाज फाटतो म्हणजे होतं काय? तार छेडल्यावर निघालेल्या लाटेचा माथा सर्किट एका ठरावीक उंचीवर छाटून टाकतं. माथा सपाट झाला की मूळ सुरात नसलेले वरचे अनेक सूर त्यात मिसळतात आणि कानाला तो आवाज भरगच्च, धारदार लागतो. माथा हळुवार गोलाईनं छाटला तर ओव्हरड्राइव्ह, सरळ कापला तर डिस्टॉर्शन आणि लाट जवळजवळ चौकोनी होईपर्यंत छाटली तर फझ, असा ढोबळ हिशेब. कंपन्या डबीवर काय छापतील याचा मात्र नेम नाही. ओव्हरड्राइव्ह म्हणून विकलेली कित्येक पेडलं चांगली फाडणारी असतात.

या छाटण्याचा एक परिणाम नवशिक्यानं आधीच जाणून घ्यावा. सहा तारांची पूर्ण कॉर्ड डिस्टॉर्शनमधून वाजवली की तिचा गिचका होतो, कारण प्रत्येक सुराचे वरचे सूर दुसऱ्याच्या अंगावर येतात. षड्ज आणि पंचम एवढेच ठेवले तर आवाज स्वच्छ आणि दणदणीत राहतो. रॉकमध्ये जिला पॉवर कॉर्ड म्हणतात ती हीच जोडी. ‘डिस्टॉर्शन घेतलं पण नुसता गोंगाट होतो’ ही तक्रार निम्म्या वेळा गंधार काढून टाकला की मिटते. उरलेल्या निम्म्या वेळा न वाजणाऱ्या तारा उजव्या तळव्यानं दाबलेल्या नसतात. डिस्टॉर्शन सगळंच मोठं करतं, चुकून लागलेली तारसुद्धा.

दोन प्रसिद्ध डब्या शेजारी ठेवल्या की अँपचा मुद्दा लगेच पटतो. नारंगी रंगाचं बॉस डीएस-१ हे जपानी पेडल १९७८ मध्ये आलं आणि अजूनही दुकानात मिळतं. निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेननं ते वापरल्यामुळे पोरांच्या यादीत ते हमखास असतं. त्याला तीनच नॉब आहेत: टोन, लेव्हल आणि डिस्ट. यात छाटण्याचं सगळं काम डबीच करते, त्यामुळे साध्या स्वच्छ अँपसमोरही ते काहीतरी करून दाखवतं. फक्त टोनचा नॉब मधल्या खुणेच्या पुढे नेला की लहान स्पीकरमधून डबीत कोंडलेल्या डासासारखा आवाज यायला लागतो. टोन नऊच्या काट्याच्या आसपास, डिस्ट अर्ध्यावर, अशी सुरुवात करून बघावी. बरेच जण तिन्ही नॉब उजवीकडे टोकाला नेतात आणि महिन्याभरात पेडल विकायला काढतात.

हिरवं आयबनेझ ट्यूब स्क्रीमर ही वेगळीच चीज. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेलं हे पेडल खालचा खर्ज कमी करतं आणि मधले सूर पुढे आणतं. स्टीव्ही रे वॉन या ब्लूज गिटारवादकाच्या आवाजात त्याचा मोठा वाटा आहे. पण ड्राइव्ह कमी आणि लेव्हल भरपूर ठेवून ते वापरायची रीत अशी, की डबी स्वतः फार फाडत नाही, तर आधीच फाटायच्या बेतात असलेल्या व्हॉल्व्हच्या अँपला जोराचा धक्का देते आणि खरा आवाज अँपमधून निघतो. बँडमध्ये बास आणि ड्रमच्या गर्दीतून गिटार वर येते ती मधल्या सुरांमुळे. तेच पेडल बेडरूममधल्या ट्रान्झिस्टरच्या अँपला एकटं लावलं की आवाज नाकात बोलल्यासारखा आणि किरकोळ वाटतो. घरीच वाजवणाऱ्यानं पहिलं पेडल म्हणून ट्यूब स्क्रीमर घेऊ नये, हे म्हणायला भीड बाळगायचं कारण नाही.

ट्यूनर हे पेडल कुणाच्याच यादीत नसतं, कारण ते आवाज काढत नाही, उलट बटण दाबलं की आवाज बंद करतं. क्लिपवाला ट्यूनर किंवा मोबाइलचं अॅप घरी पुरतं, पण कॉलेजच्या मंचावर शेजारी ड्रम चालू असताना मोबाइलचा माइक काही ऐकू शकत नाही. वायरीतून थेट वीज वाचणारं पेडल तिथे कामाला येतं, आणि दोन गाण्यांच्या मध्ये सूर लावण्याची कुणकुण श्रोत्यांना ऐकावी लागत नाही. बँडमध्ये वाजवायचं ठरलं की पहिली खरेदी हीच.

दुसरी आवड निर्माण होते ती डिलेची. डिले म्हणजे वाजवलेला सूर साठवून थोड्या वेळानं पुन्हा सोडणं. पूर्वी यासाठी फिरत्या टेपची जड यंत्रं असत. १९८३ मध्ये बॉसनं डीडी-२ हे पायाखाली मावणारं पहिलं डिजिटल डिले पेडल आणलं आणि हे काम खिशात आलं. यात मुख्य नॉब तीन: उशीर किती, पुनरावृत्ती किती वेळा आणि परत येणारा आवाज मूळ आवाजाच्या मानानं किती मोठा. आयरिश बँड यू-टूचा एज हा गिटारवादक याच तीन नॉबांवर नाव कमावून बसला. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ हे १९८७ चं गाणं ऐकताना बोटं फार वेगानं चालल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो साध्या गतीनं वाजवतो आणि प्रत्येक सुरामागून पाऊण मात्रेनं उमटणारा डिले मधल्या जागा भरतो.

हे घरी करून पाहता येतं. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिची पाऊण म्हणजे ३७५. डिले ३७५ वर ठेवायचा, पुनरावृत्ती दोन-तीन, परतीचा आवाज मूळ आवाजाच्या थोडा खाली, आणि एका मात्रेत दोन सूर अशा सरळ चालीनं वाजवायचं. लय पक्की असेल तर एका गिटारच्या दोन गिटार होतात. लय हलली तर अर्ध्या मिनिटात सगळा पसारा होतो, आणि तो कुणाचा हे डिले बरोबर दाखवतो. तालाच्या रियाजासाठी यासारखं कठोर साधन नाही.

रिव्हर्बवर, म्हणजे मोठ्या खोलीत घुमल्यासारख्या आवाजावर, वेगळा खर्च करण्याआधी अँपवर नजर टाकावी. बऱ्याच अँपमध्ये तो असतोच. हल्लीच्या बॉस कटाना, फेंडर मस्टँग, यामाहा टीएचआर अशा अँपमध्ये तर डिस्टॉर्शन, कोरस, डिले सगळं आतच भरलेलं असतं. माहितीपत्रक न उघडता ज्यानं डिलेचं पेडल विकत घेतलं आणि नंतर तोच डिले अँपमध्ये सापडला, असा प्राणी दुर्मीळ नाही.

कोरस, फेजर, फ्लँजर ही मंडळी हौसेची. कोरस म्हणजे मूळ आवाजाच्या बरोबरीनं किंचित मागे-पुढे आणि किंचित वर-खाली हलणारी त्याचीच नक्कल. निर्वाणाच्या ‘कम अॅज यू आर’मध्ये तो स्पष्ट ऐकू येतो. एमएक्सआर फेज ९० ला नॉबच एक आहे, त्यामुळे चुकायला वाव कमी. वाहचं पेडल पायानं वर-खाली करायचं असतं आणि त्याला तालात हलवणं ही स्वतंत्र विद्या आहे. जिमी हेंड्रिक्स आवडतो एवढ्या कारणावर ते घेतलं की बहुतेकदा ते कपाटाच्या तळाशी जाऊन बसतं.

मग सुरुवात कशानं करावी? सुट्या पेडलांच्या भक्तांना आवडणार नाही, पण बहुतेक नवशिक्यांसाठी उत्तर मल्टिइफेक्ट्स हेच आहे. झूम, मूअर, न्यूक्स, व्हॅलेटन, बॉस या कंपन्यांच्या एकाच डबीत डझनावारी इफेक्ट, अँपची नक्कल, ट्यूनर, बहुधा ड्रमचा ताल आणि हेडफोनचं भोक असतं. फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर वाजवणाऱ्याला हेडफोनचं भोक इतर सगळ्या सोयींपेक्षा मोलाचं. शिवाय नावाजलेल्या कंपनीचं एकेक सुटं पेडल पाच हजारांच्या पुढेच जातं. त्यात जरा भर घातली की अशी डबी मिळते. तिचा खरा उपयोग वेगळाच आहे: आपल्याला नेमकं काय आवडतं हे तिच्यावर कळतं. वर्षभर वाजवल्यावर फेजरला हातही लावला नाही आणि डिले मात्र प्रत्येक गाण्यात लागला, असं दिसलं तर चांगलं सुटं डिले घ्यावं. अशा डबीची खोड एकच. कंपनीनं भरून दिलेले तयार आवाज दुकानात छाप पाडण्यासाठी केलेले असतात, त्यांत रिव्हर्ब आणि डिस्टॉर्शनचा मारा असतो. सगळे इफेक्ट बंद करून एकेक जोडत स्वतःचा आवाज बांधायला घ्यावा. एक संध्याकाळ जाते, पण तीच खरी शिकवणी.

सुटी पेडलं एकापेक्षा जास्त झाली की क्रम आला. गिटारपासून मोजत ट्यूनर, वाह, मग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, त्यानंतर कोरस-फेजर, शेवटी डिले आणि रिव्हर्ब, हा रुळलेला क्रम. डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर जोडलं तर प्रत्येक प्रतिध्वनी नव्यानं फाटतो आणि सगळं एकमेकांत कालवतं. अर्थात कुणाला तेच हवं असतं. नियम मोडून काहीही जळत नाही, त्यामुळे उलटसुलट जोडून ऐकावं.

जळतं ते अडॅप्टरमुळे. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. घरातला कीबोर्डचा किंवा राउटरचा अडॅप्टर तसाच दिसतो, पिनही बसते, पण त्याचे व्होल्ट बारा असू शकतात किंवा मध्यभागी धन टोक असू शकतं. अडॅप्टरवर आणि पेडलवर छापलेलं वर्तुळाचं चिन्ह जुळवून पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. अमेरिकेतल्या मावशीनं किंवा मित्रानं आणलेल्या पेडलबाबत आणखी एक सावधगिरी: पेडल इथे चालतं, पण सोबतचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो लागलीच राम म्हणतो. अडॅप्टरच्या पाठीवर १००-२४० असं छापलेलं असेल तरच तो इथे लावावा. साधं डिस्टॉर्शन पाच-दहा मिलिअँपिअरवर चालतं, डिजिटल डिलेला त्याच्या कितीतरी पट आणि मल्टिइफेक्ट्सला शेकड्यांनी लागतात, म्हणून तो आकडाही पाहावा. एका अडॅप्टरला फाटे फोडून पाच पेडलं लावली की त्यात एखादं डिजिटल पेडल हमखास भुणभुणतं. त्यावर उपाय प्रत्येक पेडलला वेगळी वाट देणारा पॉवर सप्लाय. आणि जुन्या इमारतीत भिंतीच्या प्लगला अर्थिंगच नसेल तर गिटार वाजवताना माइकला ओठ लागल्यावर झटका बसू शकतो. तिथे आधी इलेक्ट्रिशियन, मग पेडल.

बॅटरीवर चालवायचं तर मल्टिमीटरला लागते तीच ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. उजव्या जॅकमध्ये गिटारची वायर घातलेली असली की दिवा बंद असतानाही पेडल बॅटरी खात राहतं. वाजवणं संपलं की ती वायर काढायची. एवढ्या साध्या सवयीअभावी रातोरात बॅटऱ्या संपतात आणि पेडलला नावं ठेवली जातात.

मुंबईत धोबी तलावला, १८६५ पासूनच्या ‘फुर्ताडोज’सारख्या वाद्यांच्या दुकानात पेडल वाजवून घेता येतं. तिथून पाच मिनिटांच्या अंतरावरच्या रंगभवनात १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला, तेव्हा परदेशी पेडल हातात पडणं हीच अपूर्वाई होती. आता अडचण निवडीची आहे. दुकानात जाताना स्वतःची गिटार न्यावी आणि दुकानदार कौतुकानं दाखवेल त्या मोठ्या अँपऐवजी घरी आहे तसला लहान अँप मागावा. सगळे नॉब मधोमध ठेवून सुरुवात करावी. नंतर पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी येईल असा लेव्हलचा नॉब लावावा. माणसाच्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, आणि चालू केल्यावर आवाज वाढवणारं पेडल त्या एका युक्तीवर विकलं जातं. पातळी सारखी केल्यावरही ते आवडलं तर घ्यावं.

कमी मिळणाऱ्या वस्तूचं वेड इथेही आहे. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून बनवलेलं ‘क्लॉन सेंटॉर’ हे ओव्हरड्राइव्ह सुमारे आठ हजारांच्या संख्येत निघालं. नक्कल होऊ नये म्हणून त्यांनी सर्किटवर चिकट थर ओतून ते झाकलं होतं. नकला झाल्याच, आज त्या काही हजार रुपयांत मिळतात, आणि अस्सल डबी हजारो डॉलरला जाते. डोळे बांधून ऐकवलं तर दोन्हींतला फरक सांगू शकेल असा नवशिका सापडणं कठीण. उलट आपल्याकडे मुंबईतच ‘अॅनिमल फॅक्टरी अँप्लिफिकेशन’सारखे निर्माते स्वतःच्या रचनेची पेडलं बनवतात आणि परदेशातही विकतात. दुसरं-तिसरं पेडल घ्यायची वेळ आली की त्यांच्याकडे जरूर पाहावं.

सेकंडहँड घ्यायला तर मुळीच संकोच नको. पेडल ही पत्र्याची डबी, वीस वर्षं सहज टिकते. घेताना प्रत्येक नॉब सावकाश फिरवून खरखर ऐकावी, बटण दहा वेळा दाबून पाहावं आणि जॅकमध्ये वायर हलवून आवाज तुटतो का ते बघावं. नवं घेतलं तर खोकं आणि माहितीपत्रक सांभाळून ठेवावं. पहिलं पेडल वर्षा-दोन वर्षांत बदलावंसं वाटतंच, आणि खोक्यासकट विकलं तर भाव बरा येतो.